अंगठ्याचं नख

"झाली का गं तुझी कल्हई?" मी प्रयोगशाळेतून बाग सेवनियातल्या घरी आले की आई चहा टाकता टाकता विचारायची, आणि मी दर वेळी चिडायचे. कल्हई काय! ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिरॅमिकची पावडर पसरायची, लेसरनं वितळवून ती पट्टीला कायमची चिकटवायची, म्हणजे पट्टी झिजत नाही. पीएचडीसाठी चार वर्षं मी हेच करत होते. आई म्हणायची, "म्हणजे कल्हईच की."

शेवटच्या आठ पट्ट्या तयार झाल्या. मोजमापं छान आली. पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा होता, म्हणून एक पट्टी जरा तोऱ्यातच आणून तिच्या हातात ठेवली. तिनं चष्मा वर सरकवला आणि कडेला अंगठ्याच्या नखानं खरवडलं. टिकलीएवढा पापुद्रा तिच्या तळहातावर पडला.

"घासल्यावर लगेच नव्हतं का लावलंस?" ती म्हणाली. "आमच्याकडे कल्हईवाला भांडं घासलं की हातासरशी कल्हई लावायचा. मधे बिडीसुद्धा ओढायचा नाही."

माझा चेहरा उतरला. पट्ट्या मी शुक्रवारी घासल्या, मग मैत्रिणीबरोबर एम. पी. नगरात खरेदीला पळाले, आणि लेप दिला सोमवारी. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच साय धरते. जितकं थांबाल तितकी ती वाढते, आणि लेप धातूला न धरता त्या सायीलाच धरतो. हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं, मीच.

उरलेल्या सात पट्ट्या दिसायला शाबूत होत्या. कुणाला काही कळलं नसतं. दोन दिवस मी गप्प बसले आणि वर आईवरच धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना फोन केला.

"सर, आठों दोबारा करने पड़ेंगे."

"टेस्ट में तो सब ठीक था. पकड़ा किसने?"

"मम्मी ने. नाखून से."

सर हसले. "मतलब, कलई खुल गई!"

बिंग फुटलं म्हणायला नेमका आईचाच शब्द. मला मात्र रडू फुटलं.

सहा महिने जास्त लागले. नव्या पट्टीवर आईचं नख तुटलं, तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त खूश झाली. प्रबंधात तपासणीच्या उपकरणांची यादी द्यावी लागते. मी सगळी यंत्रं लिहिली. आईचा अंगठा त्यात नाही, याची मला अजून लाज वाटते.