पाठ टेकायची सायकल

गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी सहादेवरावांना घरात चालवायची व्यायामाची सायकल घ्यायला सांगितली. श्रीरामपूरच्या दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक नेहमीसारखी उभी, दुसरी पाठ टेकून, पाय पुढं सोडून चालवायची.

"ही कसली सायकल, खुर्ची हाय ती," म्हणत ते उभीवर चढले. पाय सवयीनं पुढूनच टाकला, कारण जन्मभर मागं कॅरियरवर बायको, मालनबाई, असायच्या. हँडलवर वाकून, मान न वळवता त्यांनी विचारलं, "बसलीस का गं?"

"अवो, मी हितं हाय, तुमच्या म्होरं," समोरच्या स्टुलावरून मालनबाई म्हणाल्या.

सहादेवराव त्यांच्याकडं बघत राहिले. मग उतरले आणि दुसरीवर निवांत रेलले.

"हीच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "हिला म्होरं बसवून बोलता यील. लई वर्सं नुसती पाठ दावली."