अण्णांची सकाळची पोस्ट

त्या दोन ओळींच्या ॲपवर लोक काय काय करतात. पुढाऱ्यांना शिव्या घालतात, क्रिकेटवर अक्कल पाजळतात, अनोळखी माणसाशी दिवसदिवस भांडतात. करा बापडे. मला ते एकाच गोष्टीसाठी लागायचं. माझे वडील जिवंत आहेत, हे सकाळी कळायला.

अण्णा अक्कलकोटला एकटे राहायचे, मी सोलापुरात. रोज फोन केला की चिडायचे. "मला काय धाड भरलीय? रोज काय तेच तेच विचारतेस." मग त्यांनीच हे काढलं, रोज सकाळी त्या ॲपवर दोन ओळी टाकायच्या. 'मठात जाऊन आलो. गर्दी बेताची.' किंवा 'पेपर वाचून झाला. काही दम नाही.' वाचणारी मी आणि त्यांच्यासारखेच दोनचार निवृत्त मास्तर. पोस्ट दिसली की मी निवांत कुकर लावायची. जरा उशीर झाला की सारखा फोन उघडून बघायची.

त्या दिवशी पोस्ट वेळेवर आली. 'भाकरी आणि शेंगाचटणी हाणली. तब्येत ठणठणीत.' वाचून मला हसू आलं. फोन ओट्यावर ठेवला, साबुदाणा परतायला घेतला आणि हात थांबला. आज एकादशी. आई गेली त्या वर्षीसुद्धा अण्णांनी एकादशी मोडली नव्हती. डॉक्टरांशी वाद घालून उपास करणारा हा माणूस आज भाकरी खाईल?

फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग शेजारच्या काकूंना लावला. त्यांचं घर कानडी, पण माझ्याशी मराठीतच बोलतात.

"अक्का, दुधाची पिशवी कालपासनं दारातच हाय की. मला वाटलं, तुमच्याकडं गेलेत."

"दार वाजवा ना काकू."

त्या वाजवून आल्या. "आतनं कडी हाय. आवाज न्हाय."

पिशवी कालपासून दारात, मग आजची पोस्ट टाकली कुणी? भाड्याच्या गाडीत बसले तरी हातातल्या फोनचीच भीती वाटत होती. फेकूनही देववेना. सारखी तीच ओळ वाचत होते. ठणठणीत म्हणे.

मी पोचेपर्यंत लोकांनी दार फोडलं होतं. अण्णा न्हाणीत पडलेले, खुबा मोडलेला, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. "आलीस?" एवढंच म्हणाले. मी तिथंच मटकन बसले आणि रडले.

ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात विचारलं, तेव्हा ओशाळून सांगितलं त्यांनी. आधी लिहून वेळ लावून ठेवली की पोस्ट त्या वेळी आपोआप पडते, अशी सोय असते त्या ॲपमध्ये. बरं वाटेल त्या दिवशी बसून आठवड्याचं सगळं एकदम लिहून ठेवायचे. या वेळी कॅलेंडर बघायचं राहिलं.

"पण का अण्णा? रोज दोन ओळी लिहायला काय होतं?"

"एखाद्या दिवशी उठवत नाही गं. नाही लिहिलं तर तू घाबरशील."

"मग मला रोज फोन तरी करू द्यायचा होता." संताप आला होता मला.

"फोनवर तुला आवाजावरनं कळतं," ते म्हणाले आणि भिंतीकडं बघत राहिले.

ते झोपल्यावर मी त्यांच्या जुन्या पोस्टी वाचत खाली खाली गेले. झोप छान लागली. पायऱ्या न थांबता चढलो. आज भूक जोरात. यातल्या कुठल्या सकाळी ते खरंच उठले होते आणि कुठल्या सकाळी कण्हत अंथरुणात पडून होते, ते एकीवरूनही कळेना. उद्या विचारू म्हटलं. विचारायचा धीर अजून झालेला नाही.