लाल टोकाचं पदक

पदकवाल्यांच्या छातीवर तीन पदकं होती. त्यातली दोन युद्धाला हजर राहिल्याबद्दलची. ती मिळवायला नुसतं जिवंत राहावं लागतं, असं ते स्वतःच सांगत. तिसरं मात्र शौर्याचं. त्याचा विषय निघाला की त्यांना हटकून खोकला यायचा, आणि लोक म्हणायचे, काय विनय आहे माणसाचा!

युद्धात ते मालवाहू विमान चालवायचे. पीठ, बूट, औषधं. शत्रूचं एकही विमान त्यांनी पाडलं नाही. स्वतःचं एकदा चिखलात रुतवलं, तेवढाच पराक्रम. युद्ध संपल्यावर टपाल नेलं, पिकांवर औषध फवारलं (एकदा हेडमास्तरांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवरही), आणि शेवटी फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवलं. "होकायंत्र दोनदा बघा" हे त्यांचं पालुपद. त्यात चुकला त्याची खैर नसे.

आता तिथं त्यांचाच जुना विद्यार्थी मुख्य शिक्षक होता, आणि पदकवाल्यांची लेक त्याच्या हाताखाली शिकत होती.

एका रविवारी लेक घरी आली ती टोपी टेबलावर आपटूनच. पहिल्यांदा एकटी लांब गेली होती. जायचं होतं उत्तरेला, गेली दक्षिणेला. क्लबाची विमानं युद्धातली मोडीत निघालेली, होकायंत्रही त्याच काळातलं. काचेवरच्या दोन रेघांमध्ये सुई बसवायची. पण सुईचं लाल टोक कुठल्या बाजूला आलंय हे बघायचं राहिलं, तर विमान नाकासमोर, अगदी मन लावून, बरोब्बर उलट्या दिशेला जातं.

"सरांनी नाव कापलं माझं," लेक म्हणाली. "बरंच केलं. पदकवाल्यांची मुलगी म्हणे! तुमचं काही उतरलेलंच नाही माझ्यात, बाबा. उद्यापासून टायपिंग शिकते."

पदकवाल्यांना खोकला आला.

"आता खोकून भागायचं नाही," शेंगा सोलता सोलता बायको म्हणाली. "सांगा तिला."

ते उठले, कपाटाच्या तळातून उड्डाणांची वही काढली आणि एका पानावर बोट ठेवलं. शेवटच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं : लाल टोक बघितलं नाही. उलटा गेलो.

"ही तर पदकाची तारीख!" लेक म्हणाली.

"बूट पोचवायचे होते दक्षिणेला. खाली एक धावपट्टी दिसली, तीच समजून उतरलो. बघतो तर वेढ्यात सापडलेलं ठाणं, वरून गोळ्या. मेजर धावत आला, मिठीच मारली मला. म्हणाला, इथं कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. म्हटलं, मला पण."

लेकीनं ओठ दाबून धरले.

"बूट टाकले, नऊ जखमी घेतले आणि निघालो. मेजरनं वर पत्र लिहिलं, जाणूनबुजून मृत्यूच्या तोंडात शिरले म्हणून. मी तोंड उघडेपर्यंत पदक लागलेलं होतं. मग उघडलंच नाही."

"म्हणजे माझी चूक..."

"घराण्यातली आहे. उतरलंय ते एवढंच उतरलंय."

बायकोच्या हातातल्या शेंगा सांडल्या, इतकी ती हसली. लेकही हसली, पण कापलेलं नाव काही हसण्यानं परत येणार नव्हतं. सकाळी पदकवाले वही काखेत मारून क्लबात गेले. चार पावलांची वाट, पण युद्धात फुटला नव्हता तेवढा घाम फुटला.

शिक्षकानं ती ओळ दोनदा वाचली.

"सर, याच चुकीपायी तुम्ही मला सहा महिने विमानात बसू दिलं नव्हतं. विमानं पुसून घेतली होती माझ्याकडून."

"घेतली होती."

"आणि तेव्हा हे पदक तुमच्या खिशात?"

"छातीवर," पदकवाले खरं ते बोलले.

शिक्षकानं वही मिटून परत दिली. मग नोंदवही ओढून त्यानं लेकीचं नाव पुन्हा लिहिलं.

"पण सहा महिने कुणीतरी भरायला हवेत, सर," तो म्हणाला, आणि खुंटीवरचं फडकं त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी पदकवाले बादली घेऊन विमानाची काच पुसत होते. लेक आत बसली, वाकून होकायंत्र बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं.

"बाबा, तुम्ही पण एकदा बघता का लाल टोक?"

"छे छे, मला नको विचारूस," फडकं पिळत ते म्हणाले. "बूट कुठं पोचवले ते माहीत आहे ना तुला?"