कोणती लाईट?

आमच्या धाकट्या जाऊबाईला एका झटक्यात ‘बरं’ म्हणता येत नसे. काहीही सांगा, आधी ‘काहून?’ आणि मग ‘म्हणजे नेमकं काय?’ अख्खं कुरुंदा गाव तिला काहूनबाई म्हणायचं. मी तर तोंडावर म्हणायची.

माझं उलट होतं. नवी नवरी असताना मी प्रत्येक गोष्टीला ‘व्हय’ म्हणायची आणि त्यालाच हुशारी समजायची. एकदा सासूबाई म्हणाल्या, “दूध वर ठेव.” मी शहाणी, शिडी लावून माळ्यावर चढले आणि पातेलं तिथं ठेवून आले. संध्याकाळी मांजर तृप्त, सासूबाई लालबुंद. पुढं काहूनबाई सून होऊन आली. तिलाही तेच सांगितलं, तर तिनं विचारलं, “वर म्हंजे चुलीवर का फळीवर?” उलट बोलते म्हणून तिनं बोलणी खाल्ली. मी पदराआड हसले. काय ती अक्कल माझी!

तिचा नवरा, आमचे भावजी, हौशी माणूस. हळदीच्या रानात त्यांनी फोनवर बोलून चालणारं यंत्र बसवून घेतलं. आपण बोलायचं आणि कोणतं अवजार वापरायचं ते त्यानं ठरवायचं. मोटरीचं अवजार वेगळं, शेडातल्या दिव्याचं वेगळं. प्रत्येकाखाली ते काय करतं याचं वर्णन लिहिलेलं, तेवढं वाचूनच यंत्र निवड करायचं.

एका दुपारी मोटर पाणी उचलेना. भावजी फोनला म्हणाले, “लाईट बंद कर.” फोन म्हणाला, “लाईट बंद केली.” भावजी विहिरीत उतरले आणि पाण्यातल्या वायरीला हात घातला. बंद झाला होता तो शेडातला बल्ब. आमच्याकडं लाईट म्हणजे वीज, सगळी वीज. यंत्राला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

बाया जमल्या. एक जण हळूच म्हणाली, “बांगड्या वाढवायच्यात हिच्या.” त्या रडण्यातही काहूनबाईनं मान वर केली. “फोडायच्यात म्हना. वाढवायच्या काहून म्हनता? जे करायचं तेच बोला.” मग हात पुढं केले. मला तिच्याकडं बघवलं नाही.

यंत्र बसवणारी पोरं भेटायला आली, खाली मान घालून बसली. तिनं दिव्याच्या अवजाराचं वर्णन वाचून दाखवायला लावलं. ‘लाईट चालू-बंद करते.’ बस्स, एवढंच.

“हे मी लिहीन,” ती म्हणाली.

“काकू, थोडक्यात लिहा बरं का.”

“थोडक्यात लिहिलं म्हनून तर मी अशी बसले, बाबा.”

मग रोज जेवणं झाली की ती लिहायची आणि मला समोर बसवायची. “अक्का, तू यंत्र. वाच आन् सांग, काय बंद करशील?” मी मुद्दाम वाकडे अर्थ काढायची. ती खोडायची, पुन्हा लिहायची. एकदा चिडून मी म्हटलं, “मलाच काहून बसवती गं?”

“यंत्र नव्या नवरीवानी असतं. इचारनार न्हाई, व्हय म्हननार आन् दूध माळ्यावर नेऊन ठेवनार. तुझ्यावानी दुसरी कुठं मिळंल मला?”

भावजी गेल्यावर त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. शेवटी वर्णन ठरलं: ‘हे फक्त शेडातला दिवा बंद करतं. याने मोटरीची वीज बंद होत नाही. माणूस नुसतं लाईट म्हणाला, तर कोणती ते विचार. विहिरीत कोणी आहे का, तेही विचार. उत्तर मिळाल्याशिवाय काही करू नको.’ पोरांनी ते जसंच्या तसं घातलं.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत ती तापानं गेली. भेटायला येणारे म्हणायचे, “सुटली बिचारी.” मी म्हणायची, “मेली म्हना.” लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

आता दिवस कलला की मी शेडात बाजेवर बसते, फोन हातात घेते आणि मुद्दाम म्हणते, “लाईट बंद कर.”

“कोणती लाईट? शेडातली का मोटरीची? विहिरीत कोणी आहे का?”

“न्हाई गं बाई. कोनी न्हाई आता.”

“कोणती लाईट, ते राहिलं.”

मी सांगत नाही. सांगितलं की ते विचारायचं थांबतं.