हळदीच्या गाण्याची क्लिप

“ती पोरगी काहून भिंतीला टेकून बसून राहिली? आपल्यात बसायला लाज वाटती का तिला?”

“इंग्रजी शाळंतलं लेकरू हाय ते. आपले गाणे तिला कशाला पाह्यजेत?”

पहिला आवाज माझ्या आत्याचा होता, दुसरा कुणाचा ते कळलं नाही. मग बायका हसल्या. मी हेडफोन काढला नाही. हिंगोलीतल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी एकटीच होते आणि समोर माझ्या चुलत बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ चालू होता. भिंतीला टेकलेली पोरगी म्हणजे मी. चित्रात मी दिसतही नव्हते.

लग्नाचं शूटिंग आमच्याच स्टुडिओचं. पण हळदीला कॅमेरावाला वेळेवर बहिणीच्या गावी, डोंगरकड्याला, पोचला नाही, म्हणून पाहुण्यांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिपा माझ्याकडे आल्या. नव्या मोबाइलचे व्हिडिओ आमच्या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरला चालत नाहीत. उघडले की नुसता काळा चौकोन दिसतो. ते आधी साध्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावे लागतात. हे काम माझं. बदलताना कधी कधी आवाज चित्राच्या मागे पडतो, म्हणून मी प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत ऐकते.

मालकांना ते पटत नाही. “आवाज काहून तपासून राहिल्या, मॅडम? वरून सिनेमाचं गाणंच टाकायचं हाय ना?”

त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडून गेलेल्या लग्नाच्या फिल्ममध्ये माणसांचे आवाज राहत नाहीत. कुणी कुणाला मारलेल्या हाका, पंगतीतली कुरबूर, पाठवणीच्या वेळचं रडणं, सगळं मी ऐकते आणि मग ते जातं. काम मला आवडतं. लोकांत बसावं लागत नाही आणि लोक कानाशी असतात.

मी शिकले नांदेडला, वसतिगृहात राहून. सुट्टीत घरी आले की माझी मराठी ऐकून भावंडं म्हणायची, “बातम्या वाचून राहिली का गं?” वाईट हेतू नसायचा. पण मी हळूहळू कमी बोलायला लागले, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक आपापलं काहीतरी ठरवून टाकतात. हळदीच्या दिवशी त्या बायकांना एकामागून एक गाणी सुचत होती. मला एकही येत नव्हतं. नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या तरी चाललं असतं, हे मला स्टुडिओच्या खोलीत ती क्लिप ऐकताना सुचलं.

ती क्लिप मी पुन्हा लावणार, तेवढ्यात आत्याचाच फोन आला.

“माय, हळदीचं गाणं माझ्याच आवाजात ठेव बरं. पोरं म्हणून राहिले, स्टुडिओवाले सगळ्याइचा आवाज काढून टाकतेत.” मग म्हणाली, “आता गळा पहिल्यासारखा न्हाई राह्यला. पुन्हा कोणाच्या हळदीत म्हणणं व्हतं का न्हाई, काय माहीत.”

गाणं सुरेख आलं होतं. पण बाकीच्या बायका तिची ओळ उचलत होत्या, नेमकी तेव्हाच ती मोबाइल धरणाऱ्या बाईकडे वाकून माझ्याबद्दल बोलली होती. ओळ आणि बोलणं एकमेकांवर पडलेलं. तेवढं कापावं तर गाणं मधेच तुटत होतं. ठेवावं, तर सगळे पाहुणे एकत्र बसून फिल्म पाहताना ते ऐकणार.

खोटं तर तयारच होतं. फॉरमॅट जुळला नाही, फाईल उघडत नाही, असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. आत्याही म्हणाली असती, जाऊ दे बाई, मशीनच ते. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं.

“हॅलो? आवाज येऊन राहिला का गं माझा?”

“येतोय, आत्या.” मी हेडफोन टेबलावर ठेवला. “फाईल चांगली आहे. तुझं गाणं पूर्ण आलंय. पण मधे तू माझ्याबद्दल ‘लाज वाटती का तिला’ म्हणालीस, तेही त्यात आलंय, आणि ते वेगळं निघत नाही. लाज नव्हती गं वाटत. मला गाणी येत नाहीत. ठेवू का दोन्ही?”