एक गाय, पाच मालक

पूरग्रस्तांच्या मदतीची बातमी टीव्हीवर लागली की मी चॅनेल बदलतो. बायको म्हणते, एवढं काय त्यात? ती घटना आठवली की आजही माझं डोकं सणकतं, म्हणून.

कल्याणच्या बाजूला, नदीकाठच्या हद्दीत मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पूर ओसरून दोन महिने झाले होते. आंबिवली स्टेशनजवळचा एक फोटोवाला बिचकत केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पण माझ्याकडून पाच जणांनी मेलेल्या गायीचे फोटो छापून नेले. गाय एकच आहे!"

तहसीलमधून कागद मागवले. पाच पंचनामे, पाच मालक आणि पाच बाजूंनी काढलेली एकच गाय. कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग मोडकं. पाचही जणांना मदत मिळाली होती. पंचनामा करणाऱ्यांनी डोळ्यांना पट्टी बांधली होती की काय, देव जाणे.

पाचही जणांना वेगवेगळं बसवून विचारलं. प्रत्येक जण पोराबाळांच्या शपथा घेऊन सांगे, गाय माझीच. गाय मेली कशी? तर पाचही जण म्हणाले, "पाणी चढल्यावर दावं कापून सोडली, पण वाहून गेली हो. मग मेलेलीच सापडली." मी वैतागून फाईल आपटली. आमचे हवालदार शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी फोटो उचलून निरखला आणि म्हणाले, "साहेब, ही सोडलेलीच नाही. दावं बघा, खुंट्याला ताणलंय."

तो खुंटा कुणाचा, हे शोधत आम्ही मोहने गावाच्या अलीकडे एका म्हाताऱ्या विधवेच्या गोठ्यात पोचलो. ती एकटीच राहायची. त्या एका गायीच्या दुधावर तिचं घर चालायचं. तिचा अर्ज मात्र नामंजूर झाला होता. गाय सोडली, वाहून गेली, असं तिनेही लिहून दिलं होतं. मग मेलेलं जनावर दाखवणार कुठून?

मी फोटो पुढे केला. तिने तो पदराखाली झाकला आणि रडायलाच लागली. "गाठ भिजून आवळली, साहेब. पानी छातीला आलेलं. विळा हाताला लागंना. शेजाऱ्यांनी मला वढून नेली. ती हंबरत ऱ्हायली."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत, आजी?"

"दाव्याला गाय मेली, ह्ये कुन्या तोंडानं सांगू? गोहत्या लागते."

ती शाळेतल्या छावणीत असताना त्या पाच जणांनी गोठ्यात जाऊन फोटो काढले होते. तिच्या जबाबाशिवाय केस उभी राहत नव्हती. ती अंगठा द्यायला तयार नव्हती. "पैशे नकोत, पन ह्ये लिवू नका," एवढंच म्हणत होती. शेवटी मी शब्द दिला, "आजी, खरं लिहून द्या, तुमची मदत मी मिळवून देतो." तिने अंगठा दिला. जबाब समोर ठेवल्यावर दुपारपर्यंत पाचही जण कबूल झाले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

आणि तिची मदत? मी तहसीलला तीन पत्रं लिहिली, दोनदा स्वतः गेलो. उत्तर आलं: अर्जदाराच्या अर्जात आणि जबाबात विसंगती आहे, शिवाय मुदत संपली. अरे, मुदत संपली तेव्हा तिचे पैसे दुसरेच खात होते ना! पण ऐकतो कोण?

ते सांगायला मी तिला ठाण्यात बोलावलं. ती चिडली नाही. म्हणाली, "जाऊंद्या साहेब. पैशे नाय तर नाय. मंग कागदावरची ती दाव्याची वळ तेवढी खोडा."

दाखल झालेला जबाब खोडता येत नाही. तसं मी तिला सांगितलं.

लोकांकडून खरं कसं काढायचं, हे मला नोकरीने शिकवलं होतं. खरं सांगणाऱ्याला त्या बदल्यात शब्द देऊ नये, हे मला तिने शिकवलं. ती निघताना बाहेरच्या अंमलदाराला हळूच विचारत होती, "त्यो कागद गावात कुनी वाचंल का हो?"