सौदामिनी मॅडमचा डेमो

लातूरच्या ट्यूशन एरियात फिजिक्स म्हटलं की सौदामिनी मॅडमचं नाव निघतं. आज निघतं हो! मध्यंतरी हेच नाव घ्यायला लोकांच्या जिभा जड झाल्या होत्या.

भूकंपात औशाकडचं तिचं गाव आडवं झालं तेव्हा ती सात वर्षांची. पुढची शाळा पत्र्याच्या शेडात. डोक्यावर पत्रा तापायचा, पण पोरीनं गणित सोडलं नाही. पोरगी आहे हे तेव्हा तिचं तिलाच ठाऊक. जगाच्या लेखी दगडोबाचा मुलगा. त्याच ओळखीवर ती मार्तंड सरांच्या क्लासला लागली, नऊ वर्षं शिकवलं, कैक पोरं डॉक्टर केली. मग छत्तिसाव्या वर्षी मनाचा हिय्या केला, कलेक्टर ऑफिसातून नव्या नावाचं ओळखपत्र आणलं आणि साडी नेसून कामावर हजर झाली.

मार्तंड सरांना घाम फुटला. "माझं काही नाही हो, पण पालक काय म्हणतील?" म्हणत त्यांनी तिला मागच्या खोलीत सराव परीक्षेचे पेपर काढायला बसवलं. पालकांना विचारलं होतं का कुणी? छे! यांनीच परस्पर ठरवलं. पगार चालू होता, पण शेजारच्या वर्गातून फिजिक्स ऐकू आलं की तिचा जीव तुटायचा.

ती रडत बसली नाही. तिनं सरांना अर्ज दिला, त्यात लिहिलं: तृतीयपंथी माणसाला कामावर वेगळं वागवायला कायद्यानं मनाई आहे. तक्रार ऐकायला संस्थेत अधिकारी नेमावा लागतो, आपल्याकडे कोण आहे? गणिताच्या मालविका मॅडमनी पहिली सही ठोकली, मागोमाग अकरा शिक्षकांनी.

सरांनी पळवाट काढली. नव्या शिक्षकानं डेमो लेक्चर द्यायचं आणि पोरांनी बिननावाच्या चिठ्ठीवर गुण द्यायचे, ही तिथली रीत. म्हणाले, "तुम्ही नव्यानं डेमो द्या." नऊ वर्षं शिकवलेल्या बाईला डेमो! मालविका मॅडम तडकल्याच. सौदामिनी मात्र शांत.

"देते की. पण मी एकटीच कामून? समद्यांनी द्यावा. सर, तुमी बी."

अकरा जणांनी "हाव" म्हटल्यावर सरांना दिवस ठरवणं भाग पडलं. रविवारी पोरांसमोर आणि पालकांसमोर डेमो झाले. दहा वर्षं खडू न धरलेले सर पहिल्याच गणितात अडकले. मग सौदामिनी फळ्याशी गेली. विषय तरंगांचा.

"आमच्या गावात आधी घरघर ऐकू आली, मग घरं पडली. कामून?" आणि तिनं सांगितलं, वेगाचा तरंग आधी पोचतो, घरं पाडणारा मागून येतो. मागच्या बाकांवरचे पालकसुद्धा लिहून घेऊ लागले.

चिठ्ठ्यांत ती सगळ्यांत वर, सर सगळ्यांत खाली. इस्लापूरहून आलेला एक शेतकरी उठला. "ह्या मॅडमची बॅच कोणची? माझी पोरगी तिथंच घाला."

सर ओशाळून म्हणाले, "चला, उद्यापासून वर्गावर जा."

"जाते. पण उद्या माझ्यासारखं कुणी आलं, तर त्यानं बी डेमो द्यायचा का?"

संध्याकाळी सरांनी स्वतः दारावर कागद लावला: तक्रार अधिकारी, मालविका मॅडम.

सोमवारी ती वर्गात शिरली तशी पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली. तिचा ऊर भरून आला. का येऊ नये? हक्काची जागा तिनं मान ताठ ठेवून परत घेतली होती.

"बास झालं आता," ती खडू उचलत म्हणाली. "लई शिकवायचं राहिलंय. वह्या काढा."